टोलनाक्यावर भांडू नका, लेखी विचारा: खान्देशातल्या नवख्यांसाठी

धुळ्याहून जळगावला निघालं की पारोळ्याजवळ सबगव्हाणचा नाका लागतो, तिथून पुढे भुसावळला जायचं तर नशिराबादचा, नाशिककडे वळलं तर लळिंगच्या किल्ल्याच्या पायथ्याशी एक, आणि इंदूरकडे निघालं तर सोनगीर, पुढे शिरपूर. म्हणजे खान्देशात गाडी काढायची तर फास्टॅगचे पैसे कटल्याचा मेसेज येणारच. पैसे द्यायला कुणाची ना नाही, पण दिलेल्या पैशात रस्ता नीट ठेवला का, कापलेली रक्कम बरोबर होती का, नाक्यावर संडास-पाणी, क्रेन, ॲम्ब्युलन्स आहे का, हे विचारायचं कुणाला हेच आपल्याकडे बहुतेकांना माहीत नसतं. मग काय होतं तर केबिनमध्ये बसलेल्या पोराला शिव्या घालून लोक पुढे निघून जातात. तो पोरगा बिचारा आजूबाजूच्याच गावातला, ठेकेदाराकडे पगारावर, त्याच्या हातात ना दर आहे ना खड्डा. मी गेली काही वर्षं अर्ज, तक्रारी, अपील असं सगळं करतोय. त्यातून जे कळलं ते इथे एकेक करून लिहितो, ज्याने कधी अर्जच केला नाही त्याच्यासाठी.

आधी रस्ता कुणाचा ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि लोक नेमकं हेच सोडून देतात. राष्ट्रीय महामार्गावरचा नाका असेल तर जबाबदारी भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाची, म्हणजे एनएचएआयची. त्यांची प्रकल्प संचालकांची ऑफिसं धुळ्यात पण आहेत आणि जळगावात पण, तुमचा तुकडा कोणत्या ऑफिसकडे आहे ते नाक्यावरच्या बोर्डावर बघा. पण महामार्गाचा नंबर राष्ट्रीय आहे म्हणून तो एनएचएआयकडेच असतो असं नाही, काही राष्ट्रीय महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग सांभाळतो, अजिंठ्यावरून जाणारा जळगाव-औरंगाबाद रस्ता तसा, त्याच्या कामाची धूळ आपण किती वर्षं खाल्ली ते वेगळं सांगायला नको. आणि राज्याचे टोल म्हणजे बहुतेक एमएसआरडीसी, म्हणजे महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, समृद्धी महामार्ग त्यांचा. राज्याच्या रस्त्याची तक्रार केंद्राकडे टाकली की ती नुसती फिरत राहते आणि तुमचे दोन महिने जातात.

आता त्याच्या आतली एक गोष्ट, जी मला पहिली दोन वर्षं कळलीच नव्हती. रस्ता कोणत्या पद्धतीने बांधलाय ते बघायचं. बीओटी (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) असेल, जसा धुळे-पळासनेर, तर ज्या कंपनीने रस्ता बांधला तीच टोल घेते आणि तीच देखभाल करते. पण फागणे-तरसोद आणि तरसोद-चिखली हे आपले चौपदरी तुकडे हॅम, म्हणजे हायब्रिड ॲन्युइटी पद्धतीचे आहेत. हॅममध्ये बांधकामाच्या खर्चातले ४० टक्के सरकार काम चालू असतानाच देतं, उरलेले ६० टक्के बांधून झाल्यावर हप्त्याहप्त्याने देतं, आणि टोल सरकारच्या खात्यात जातो. तो गोळा करायला एनएचएआय वेगळी एजन्सी नेमते. म्हणजे नाक्यावर पैसे घेणारा एक आणि खड्डा बुजवणारा दुसराच. तुम्ही खड्ड्याची तक्रार नाक्याच्या मॅनेजरकडे केली तर तो खरंच सांगतो की साहेब हे आमच्याकडे नाही, आपल्याला वाटतं टोलवतोय. म्हणून हॅमच्या रस्त्यावर पैशाची तक्रार वेगळी लिहा आणि रस्त्याची वेगळी, दोन्ही मात्र प्रकल्प संचालकांच्या नावाने, कारण त्या दोघांवर देखरेख त्यांचीच.

हे सगळं घरबसल्या बघायला एनएचएआयची टोल इन्फॉर्मेशन सिस्टीम नावाची साइट आहे. नाक्याचं नाव टाकलं की दर, रस्त्याची लांबी, प्रकल्पाचा खर्च, आतापर्यंत किती टोल जमा झाला, वाहनं किती जातात अशी माहिती बऱ्याच नाक्यांची मिळते. आधी तिथे बघा, जे तिथे नाही तेच माहिती अधिकारात मागा.

नियम थोडक्यात, पण हे पाठ असू द्या

राष्ट्रीय महामार्गाचा टोल २००८ च्या फी नियमांवर चालतो. कारसाठी मूळ दर २००७-०८ साली किलोमीटरला ६५ पैसे होता आणि दर वर्षी १ एप्रिलला तो वाढतो, ३ टक्के ठरलेले आणि वर घाऊक किंमत निर्देशांकाच्या वाढीचे ४० टक्के. दुपदरी रस्त्याला चौपदरीच्या ६० टक्केच. चोवीस तासांत परत आलात तर जाऊन-येऊन मिळून दीडपट, दुप्पट नाही. मोटारसायकल, रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडीला टोल नाही (बाजूला सर्व्हिस रोड असेल तर रिक्षा-ट्रॅक्टरनी तिकडून जायचं असतं).

स्थानिकांसाठी दोन सवलती आहेत आणि आपल्याकडे दोन्ही वाया जातात. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या खाजगी गाडीला महिन्याचा पास मिळतो, तो काही शेकड्यांत बसतो, आजचा आकडा नाक्यावरच्या बोर्डावर असतो. दुसरी सवलत माल वाहणाऱ्यांची, म्हणजे रावेर-यावलचे केळीवाले, कापसाच्या गाड्यावाले यांनी नीट वाचा: त्याच जिल्ह्यात नोंदलेली आणि जिल्ह्यातच चालणारी व्यावसायिक गाडी, नॅशनल परमिट नसलेली, हिला टोल निम्मा. जळगाव जिल्ह्यातल्या नाक्यावर बहुतेक एमएच-१९, धुळ्यात एमएच-१८, नंदुरबारमध्ये एमएच-३९. एक अट आहे, बाजूला सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता असेल तर या सवलती नाकारता येतात. पण मग कोणता रस्ता पर्यायी धरलाय ते लेखी सांगा, असं तुम्ही विचारू शकता. तोंडी "तुमच्यासाठी नाही" हे उत्तर धरू नका.

साठ किलोमीटरच्या नियमावरून व्हॉट्सॲपवर फार गोंधळ असतो. एकाच दिशेला, महामार्गाच्या एकाच सेक्शनवर दुसरा नाका ६० किलोमीटरच्या आत नको, असं नियम म्हणतो आणि त्यातही कारणं लेखी नोंदवून सूट घेता येते. लळिंग आणि सोनगीर जवळजवळ आहेत म्हणून लोक बेकायदेशीर म्हणतात, पण लळिंग पिंपळगाव-धुळे तुकड्यावर आणि सोनगीर धुळे-पळासनेर तुकड्यावर, सेक्शनच वेगळा. हे माहीत नसताना अर्ज केला तर पहिल्याच ओळीत तो पडतो आणि अधिकाऱ्याला कळतं की समोरच्याला काही माहीत नाही. तसंच ते १०० मीटरच्या पिवळ्या पट्ट्याचं, रांग पट्ट्याच्या बाहेर गेली की टोल फ्री. ते २०२१ चं परिपत्रक होतं, २०२४ मध्ये मागे घेतलं, त्यावरून आता नाक्यावर वाद घालू नका.

वाद घालायचाच तर या नियमावर घाला: मे २०१८ च्या अधिसूचनेनुसार तुमचा फास्टॅग चालू आहे, खात्यात पुरेसे पैसे आहेत आणि नाक्याचं मशीनच तो वाचत नाहीये, तर गाडी फुकट सोडायची आणि शून्य रुपयांची पावती द्यायची. टॅग चालू नसेल तर मात्र तुम्ही अडकलात, १५ नोव्हेंबर २०२५ ला असा नियम आला होता की रोख दिले तर दुप्पट, यूपीआयने दिले तर सव्वापट.

हे आमच्या नानांच्या बाबतीत घडलेलं आहे. लग्नसराईचे दिवस, नाना पिकअप घेऊन रात्री उशिरा परत येत होते, मागे मंडपाचं सामान, केबिनमध्ये दोन पोरं झोपलेली. एका नाक्यावर टॅग वाचेना. मुलाने हातातलं मशीन आणलं, काचेवर दोनदा धरलं, तरी नाही. मागच्या ट्रकवाल्याचा हॉर्न थांबेना, म्हणून नानांनी खिशातून नोटा काढून दुप्पट भरले आणि निघाले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला सांगत होते तर मी पहिलं विचारलं, नाना पावती कुठेय. ते म्हणे, "जाऊ दे रे भो, कोण मागतं तेवढ्या रात्री." टॅगमध्ये त्या वेळी सातशेच्या वर रुपये होते. पण पावती नाही, लेनचा नंबर माहीत नाही, नेमकी वेळ आठवत नाही, म्हणून ते पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून आमच्या घरात नियम केलाय, मशीन बंद पडलं की आधी मोबाइलवर टॅगचा बॅलन्स उघडून स्क्रीनशॉट, मग लेनच्या नंबराचा फोटो, मग शांतपणे शून्याची पावती मागायची. नाही दिली तर तिथूनच १०३३ लावायचा, आणि दुप्पट भरावेच लागले तर त्याची पावती घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पैसे चुकीचे कापले तर

१०३३ हा महामार्गाचा हेल्पलाइन नंबर, चोवीस तास. अपघात, बंद पडलेली गाडी, रस्त्यात आलेली जनावरं, टोलची तक्रार, सगळं यावरच. तक्रार नंबर लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. त्यासोबत ज्या बँकेचा फास्टॅग आहे तिच्या ॲपवरून वाद नोंदवा, कारण पैसे परत येतात ते बँकेच्याच मार्गाने. माझी गाडी घरासमोर कडुलिंबाखाली उभी आणि मोबाइलवर टोल कटल्याचा मेसेज, असं झालं होतं. मी लगेच गाडीचा नंबरप्लेट दिसेल असा फोटो काढला, शेजारच्या दुकानाच्या सीसीटीव्हीतला त्या वेळेचा तुकडा मोबाइलमध्ये घेतला, दोन्ही जोडून बँकेला टाकले, नवव्या दिवशी पैसे परत आले. पुरावा होता म्हणून आले. मोठ्या रकमेचा किंवा परत परत होणारा प्रकार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग.

जाता जाता, खाजगी कारवाल्यांसाठी वार्षिक पास आहे, १५ ऑगस्ट २०२५ ला तो ३००० रुपयांत सुरू झाला, २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर चालतो, समृद्धीवर नाही. तिथे पैसे कापले म्हणून तक्रार करू नका, ती टिकणार नाही.

आता माहिती अधिकार

मला विचाराल तर उत्तर मागायची खरी ताकद इथे आहे. एनएचएआयसाठी केंद्राचं आरटीआय ऑनलाइन पोर्टल, १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखाली असाल तर फी नाही. अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत. एमएसआरडीसी किंवा बांधकाम खात्यासाठी राज्याचं पोर्टल वेगळं, तिथे १५० शब्द आणि एका अर्जात एकच विषय, हाताने दिला तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प चालतं. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. चुकून दुसऱ्या कार्यालयाला गेला तर त्यांनी ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो.

नवखे लोक "का" विचारतात. टोल का वाढवला, खड्डे का बुजवले नाहीत, दोषींवर कारवाई का नाही. अशा प्रश्नाला ते सरळ लिहितात की ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि कायद्याने ते बरोबर असतात. मागायचा तो कागद. मी असं लिहितो:

"अमुक टोलनाक्याच्या सेक्शनबाबत, १ एप्रिल ते ३१ मार्च या कालावधीतील पुढील कागदांच्या प्रती द्याव्यात: १) महिनावार जमा टोलची रक्कम, २) देखभालीचे मासिक अहवाल, ३) त्यावर अभियंत्याने काढलेल्या त्रुटींची पत्रं आणि ठेकेदाराची उत्तरं, ४) देखभालीतील त्रुटींसाठी आकारलेल्या दंडाची यादी, ५) १०३३ वर या सेक्शनबद्दल आलेल्या तक्रारी आणि त्यावर केलेली कार्यवाही. तसंच मला मूळ फाइलची पाहणी करायची आहे, तारीख कळवावी."

पाहणीची ओळ विसरू नका. एनएचएआयकडे पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये, आणि समोर बसून फाइल उलगडली की जे प्रतींमध्ये येत नाही ते दिसतं. बीओटीचा रस्ता असेल तर करारातलं शेड्यूल के पण मागा, नमुना करारात देखभालीच्या गोष्टी त्यातच असतात, कोणती दुरुस्ती किती वेळात करायची ते. एकदा ते हातात आलं की तुमच्या तक्रारीत "लवकरात लवकर" असं गुळमुळीत लिहायची गरजच उरत नाही, करारात लिहिलेली मुदतच टाकायची.

उत्तर आलं नाही किंवा "त्रयस्थ पक्षाची व्यावसायिक माहिती" म्हणून नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील. एनएचएआयला त्याची फी नाही, राज्यात २० रुपयांचं स्टॅम्प. त्यानंतर ९० दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील. माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० पर्यंत दंड होऊ शकतो, त्यामुळे पहिल्या अपिलातच बरंच काही हलतं असा माझा अनुभव.

आमच्या शेताजवळ महामार्गाखालून एक पाइप मोरी आहे, ती गाळाने बुजलेली आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी उलटं आमच्या आणि शेजारच्या आबांच्या कपाशीत. फोन केले, कुणी आलं नाही. मग माहिती अधिकार टाकला, सत्ताविसाव्या दिवशी नकार, मग अपील, आणि शेवटी एक पाकीट आलं. त्यात जूनच्या देखभालीच्या तक्त्यात, किलोमीटर नंबरासकट, आमचीच मोरी "साफ केली" अशी नोंद. माझ्याकडे जुलैतला फोटो होता, मोरीच्या तोंडाशी गुडघाभर गाळ, त्यात उगवलेला घाणेरीचा झुडपा आणि बाजूला किलोमीटरचा दगड. तो तक्ता आणि तो फोटो एका पानावर शेजारी शेजारी छापून मी तक्रार दिली, बाकी काही लिहिलं नाही. आठवड्यात जेसीबी आला. आबा बांधावर उभं राहून शेवटची बकेट निघेपर्यंत बघत होते. कपाशी त्या वर्षीची गेली ती गेली, पण पुढच्या पावसाळ्यात पाणी खालून निघून गेलं.

म्हणून सांगतो, फोटोत किलोमीटरचा दगड किंवा पुलाचा नंबर आलाच पाहिजे. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. "पारोळ्याच्या पुढे मोठा खड्डा" याला काही अर्थ नाही.

तक्रार वर न्यायची कशी

प्रकल्प संचालकांना लेखी दिलं, पोच घेतली, पंधरा-वीस दिवस काही नाही, तर केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रारींच्या पोर्टलवर टाका, तिथे २०२४ पासून निपटाऱ्याची मुदत २१ दिवस आहे. तक्रार "निकाली" दाखवून बंद करतात, तेव्हा घाबरू नका, तिथेच अपीलचं बटण असतं. राज्याचा रस्ता असेल तर आपले सरकार पोर्टल. अपघाताची जागा असेल, कोंडाईबारी घाटासारखी, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला पत्र द्या आणि ते बैठकीच्या विषयपत्रिकेत घ्या अशी विनंती करा, बैठकीचं इतिवृत्त नंतर माहिती अधिकारात मिळतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८अ सुद्धा लक्षात ठेवा, २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं: रस्त्याच्या रचनेचे, बांधकामाचे आणि देखभालीचे निकष पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं तर रस्त्याला जबाबदार असलेल्या यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड आहे. पत्रात हे कलम लिहिलेलं असलं की वाचणारा पत्र बाजूला ठेवत नाही.

कोर्टाचा रस्ता लांबचा आहे, आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी मुंबई हायकोर्टाचं औरंगाबाद खंडपीठ. पण तो रिकामाही नाही. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्कारा नाक्यावर रस्त्याची अवस्था आणि रोजची कोंडी बघून हायकोर्टाने ऑगस्ट २०२५ मध्ये टोल थांबवला, एनएचएआय सुप्रीम कोर्टात गेली, तिथेही तो आदेश कायम राहिला. रस्ता बराच दुरुस्त झाल्यावर ऑक्टोबरमध्ये टोल परत सुरू झाला. दिल्ली-नोएडाच्या डीएनडी पुलावर तर डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने टोल कायमचा बंद ठेवला, खर्च आणि नफा कधीच वसूल झाला होता म्हणून. या दोन्ही प्रकरणांत लोकच कोर्टात गेले होते, आणि कोर्टात कागदच लागतात. तुमच्या माहिती अधिकाराची उत्तरं आजच एका फाइलमध्ये तारखेने लावत जा, वकिलाकडे जायची वेळ आली तर तीच फाइल कामाला येते.

एकट्याने करू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. पाच जणांनी मिळून एकच नाका धरा, एकाने टोलच्या रकमेचा अर्ज, दुसऱ्याने देखभालीचा, तिसऱ्याने संडास-पाणी आणि ॲम्ब्युलन्सच्या नोंदींचा, कोणी सकाळी कोणी रात्री जाऊन फोटो. गावातल्या पिकअपवाल्यांना निम्म्या टोलचा अर्ज भरून द्या, त्यातून माणसं आपोआप जोडली जातात, कारण पहिल्याच महिन्यात त्यांच्या खिशात फरक दिसतो. आणि ३१ मार्चला संध्याकाळी नाक्यावरच्या दराच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवा, १ एप्रिलला सकाळी परत काढा. वाढीचं गणित जमतंय का ते त्या दोन फोटोंवरून घरी बसून तपासता येतं आणि नाही जमलं तर पहिला अर्ज तुमचा तिथूनच सुरू होतो.